महागड्या क्रीमचा फेस का बसतो? नाशिकच्या नळापासून कोलनच्या बाटलीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्या एका गृहस्थांना मुलाने लंडनहून चंदनाच्या शेव्हिंग क्रीमचा डबा, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश, क्रीमच्याच वासाचं आफ्टरशेव्ह आणि कोलन या सुगंधी पाण्याची बाटली आणून दिली. महिनाभर वापरून त्यांची तक्रार अशी: फेस ब्रशवर फुलतो, पण गालावर दोन मिनिटांत विरतो. दाढीनंतर मान चुरचुरते. कोलन सकाळी छान वाटतं आणि दहा वाजेपर्यंत गायब होतं. साध्या ट्यूबपेक्षा यात जास्त काय मिळालं, आणि चूक मालात आहे की हातात?

आधी नळ तपासा, मग हात. माल सगळ्यात शेवटी.

क्रीम कितीही जुन्या घराण्याचं असलं तरी आतून तो साबणच. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातली आम्लं पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात बदलायची, मग ग्लिसरीन, पाणी आणि सुगंध घालायचा, असा हा ढाचा. पोटॅशचा साबण मऊ राहतो म्हणून क्रीम होतं, सोड्याचा घट्ट बसतो म्हणून वडी होते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा पांढरा चोथा करून टाकतं. बादलीच्या कडेला साबणाची राखाडी रेघ बसते ना, तीच ही. म्हणजे ज्या साबणाचा फेस व्हायचा तो आधी क्षारांच्या तोंडी जातो आणि उरलंसुरलं तुमच्या गालाला येतं.

गंगापूर धरणातून येणारं पालिकेचं पाणी दाढीला बऱ्यापैकी चालतं. अडचण बोअरची आहे. आपल्याकडच्या काळ्या खडकातून वर येणारं पाणी क्षार घेऊनच येतं, आणि अनेक सोसायट्यांत ते पालिकेच्या पाण्याबरोबर एकाच टाकीत पडतं. उन्हाळ्यात टँकर आला की तर विचारायलाच नको. घरातल्या खुणा सांगतातच: तुरीची डाळ जास्तीच्या शिट्ट्या देऊनही शिजत नाही, शॉवरची भोकं बुजतात, गिझरच्या कॉइलवर खपली धरते.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. पाण्याच्या दोन रिकाम्या छोट्या बाटल्या स्वच्छ धुवा. एकीत नळाचं १०० मिली पाणी, दुसरीत आरओचं १०० मिली. दोन्हींत वाटाण्याएवढं क्रीम टाकून झाकण लावा, वीस वेळा जोरात हलवा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवा. नळाच्या बाटलीत फेस बसला, पाणी दुधाळ झालं आणि वर बारीक कण तरंगायला लागले तर पाणी जड. आरओच्या बाटलीत काय झालं तेही लक्षात ठेवा, ते शेवटी लागणार आहे.

उपाय स्वस्त आहे. तोंड धुवायला नळाचं पाणी चालेल, पण ब्रश भिजवायला आणि फेस करायला आरओचं कपभर पाणी गरम करून घ्या. इथे बरेच जण एक घोळ करतात: आरओच्या बारीक नळीतून बादलीत साठणारं टाकाऊ पाणी वापरतात. ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं, फरशी पुसायलाच बरं. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून निवू द्या आणि तळाचा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. त्याने बायकार्बोनेटचा जडपणा जातो, सल्फेटचा जात नाही. तिसरा मार्ग लिंबूफुलाचा. एक लिटर पाण्याला ०.१ ते ०.२ ग्रॅम, म्हणजे नखाच्या टोकावर मावेल इतकंच. चमचाभर टाकलंत तर आम्ल साबणालाच फोडतं आणि फेसाऐवजी तेलकट गोळे हाती येतात.

आता हात. पाण्याचा दुसरा प्रश्न म्हणजे फेसात पाणी किती. ट्यूब आणि कॅनवर वाढलेल्या माणसाचा फेस जवळजवळ नेहमी कोरडा असतो. कॅनमधला फोम वायूने फुगलेला असतो, त्यात वंगण कमी आणि हवा जास्त. तोच ढगासारखा फुगारा डोळ्यापुढे ठेवून लोक ब्रश फिरवतात, वर आलेला डोंगर पाहून थांबतात आणि गालाला लावतात. डोंगर दिसायला देखणा, पण पात्याखाली त्यात पाणीच नसतं. दोन मिनिटांत वाळून पापुद्रा धरतो. तुमचा फेस ‘विरतो’ यात निम्मा दोष जड पाण्याचा असेल, तर निम्मा याचा.

क्रीम किती घ्यावं? सोललेल्या बदामाएवढं, म्हणजे एक ते दीड ग्रॅम. डब्यात ओलं बोट किंवा ओला ब्रश घालू नका, कोरड्या चमच्याच्या दांड्याने काढा. वाटी खोल आणि बुडाला थोडी खरखरीत असली की फेस लवकर धरतो. भांडी बाजारात मिळणारी चार इंच तोंडाची, जाड बुडाची स्टीलची वाटी उत्तम. ॲल्युमिनियमची नको, साबणाच्या अल्कलीने ती काळवंडते. थंडीत वाटी आधी गरम पाण्याने भरून ठेवा.

ब्रश बॅजरचा असेल तर दीड-दोन मिनिटं कोमट पाण्यात, डुकराच्या केसांचा असेल तर चार-पाच मिनिटं. कृत्रिम तंतूंचा नुसता ओला केला तरी पुरे. ज्यांना प्राण्यांचे केस नको असतील त्यांनी बिनदिक्कत कृत्रिम ब्रश घ्यावा. आताचे मऊ तंतू क्रीमच्या फेसाला बॅजरच्या तोडीस तोड आहेत, आणि ते लवकर वाळतात हा पावसाळ्यातला मोठा फायदा. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम ठेवा. उकळत्या पाण्यात ब्रश बुडवला की केस ठिसूळ होतात, मुळाशी असलेला डिंक सुटतो आणि मग रोज चार केस गालावर सापडतात.

भिजलेला ब्रश मुठीने हलका पिळून दोनदा झटका. आत साधारण चमचाभर पाणी राहायला हवं. वाटीतल्या क्रीमवर ब्रशची टोकं टेकवून न दाबता गोल फिरवा. पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत चिकट, निस्तेज पेस्ट होईल आणि ब्रश ओढल्यासारखा जड वाटेल. इथे थांबायचं नाही. अर्धा चहाचा चमचा गरम पाणी, पुन्हा वीस सेकंद. आता फेस चक्क्यासारखा होतो: घट्ट, पांढरा, पण वर चमक नाही. पुन्हा तेवढंच पाणी. या खेपेला पोत बदलतो. बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात, पृष्ठभागावर ताज्या सायीसारखी चकाकी येते आणि ब्रश उचलला की शेंडा उभा न राहता वाकतो. श्रीखंड करताना फेटलेला चक्का पुरणयंत्रातून काढल्यावर जसा सैल, रेशमी होतो, तो पोत डोळ्यापुढे ठेवा. दीड ग्रॅम क्रीमला ढोबळ मानाने दहाएक मिली पाणी लागतं. सव्वा ते दीड मिनिट जातो, घाईने होत नाही.

बोटाची परीक्षा यातली सगळ्यात खरी. फेसाचा ठिपका अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा. चिकटून ओढ लागली तर पाणी कमी. बोटं सुळकन घसरली आणि मध्ये पातळ, निसरडा थर राहिला तर जमलं. फुटणारे मोठे बुडबुडे दिसले आणि फेस मनगटाकडे ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं, चिमूटभर क्रीम टाकून पुन्हा फिरवा. गालावर लावतानाही तेच: आधी गोल फिरवून केस उभे करायचे, मग रंग दिल्यासारखे आडवे-उभे फटकारे.

फेस लावण्याआधी दाढीला पाणी पाजायला हवं. केस केराटिनचा असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर पुष्कळ कमी लागतो. म्हणून दाढी आंघोळीनंतर. ते जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा मिनिटभर तोंडावर धरा. टर्किशचा जाड टॉवेल नको, पंचा चेहऱ्याला नीट चिकटतो आणि उष्णता सोडतो.

तुमच्या मानेच्या चुरचुरीकडे आता येऊ. तिची तीन कारणं असू शकतात. कोरड्या फेसाचं वर आलंच. दुसरं म्हणजे हाताचा दाब. कार्ट्रिज रेझरला दाब चालून जातो, दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरला चालत नाही. रेझरच्या स्वतःच्या वजनाने पातं चालू द्यायचं, पातं कातडीशी साधारण तीस अंशात, आणि फटकारे इंचभराचे. एक पातं तीन ते पाच दाढ्यांना. केस ओढल्यासारखे वाटले की त्याच दिवशी बदला. आणि तिसरं कारण केसांची दिशा. गालावर केस बहुतेकांचे खाली वाढतात, पण मानेवर, विशेषतः कंठाच्या दोन्ही बाजूंना, ते आडवे किंवा वरच्या दिशेने वाढतात, कुठेकुठे भोवरा असतो. दोन दिवसांची खुरटी दाढी असताना बोट सगळ्या दिशांनी फिरवून पाहा. जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलट, जिकडे टोचतं ती उलट. मानेचा असा नकाशा एकदा कागदावर काढून आरशाच्या कडेला लावला तर आठवडाभरात हाताला सवय होते.

पहिला हात सुलट. पुन्हा फेस. दुसरा हात आडवा. बस. उलटा हात मारल्याने गाल तासभर आरशासारखे होतात हे खरं, पण मानेवर तो मारला की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आत वळतो आणि तिथे पुटकुळी उठते. नाशिकच्या उन्हात अशा पुटकुळ्यांचे काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. मानेला दोनच हात, हा नियम मोडू नका. वाटीत तिसऱ्या हाताचा फेस उरला तरी तो फेकून द्या.

वापरलेली पाती कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका. पत्र्याच्या रिकाम्या डबीला फट पाडून त्यात साठवा आणि भरली की घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी, सांगून द्या.

दाढी झाली की गार पाण्याने तोंड धुवा, आणि हे चुकवू नका. आफ्टरशेव्ह का झोंबतं, याचं कारण गमतीचं आहे. कातडीत उष्णता ओळखणारे जे मज्जातंतू असतात ते एरवी साधारण ४२ अंशांना ‘भाजलं’ असा इशारा देतात. अल्कोहोल हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. म्हणजे तुमच्याच अंगाची ऊब तुम्हाला भाजल्यासारखी वाटते. गरम पाण्याने तापलेल्या गालावर लगेच स्प्लॅश, म्हणजे पातळ आफ्टरशेव्ह, मारला की आग जास्त होते, गार पाण्यानंतर मारला की कमी. मेंथॉल याच्या उलट काम करतं: तापमान काहीच बदलत नाही, पण थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चाळवतं.

थोडी झोंब सुखाची असते. दहा सेकंदांत ओसरते आणि मागे तरतरी ठेवते. मिनिटभर टिकली तर मात्र ती पात्याने केलेल्या ओरखड्यांची यादी समजा. हीच यादी तुरटी आणखी प्रामाणिकपणे वाचून दाखवते. किराणा दुकानातला खडा घ्या, त्याची धारदार कडा ओल्या फरशीवर घासून गोल करा, गार पाण्यात बुडवून तोंडभर फिरवा. जिथे चुरचुरेल तिथे आज हात जड पडला. अर्ध्या मिनिटाने धुवून टाका. तुरटी तशीच वाळू दिली तर कातडी ताणते, आणि वर क्रीमसारखं बाम लावलं तर त्याचे गोळे निघतात. खडा घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, हे सांगायला नकोच.

तोंड टिपून घ्या, पुसू नका. किंचित ओल राहू द्या. स्प्लॅश तळहातावर रुपयाच्या नाण्याएवढा, म्हणजे एक-दीड मिली. दोन्ही तळवे एकमेकांना लावून गालावर, हनुवटीखाली, शेवटी मानेवर थोपटा. चोळायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडचा गारठा शहरात उतरतो तेव्हा, नुसतं अल्कोहोल कातडी फाडतं. तेव्हा स्प्लॅशमध्ये तळहातावरच ग्लिसरीनचे दोन थेंब मिसळा, किंवा स्प्लॅश बाजूला ठेवून वाटाण्याएवढं बाम लावा. केमिस्टकडचं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी हा जुना घरगुती तोडगा कोणत्याही महागड्या बामपुढे मान खाली घालत नाही. ग्लिसरीन एक भाग, गुलाबपाणी चार भाग. जास्त घातलं तर दिवसभर चिकचिक.

आता सुगंध, कारण खरी मजा तिथे आहे आणि गैरसमजही.

तुमच्या डब्यावर ‘सँडलवुड’ लिहिलं आहे म्हणून सहाणेवर उगाळलेल्या चंदनाची अपेक्षा ठेवलीत तर निराशा होईल. इंग्रजी घराण्यांचा सँडलवुड हा अनेकदा रचलेला वास असतो: लॅव्हेंडर, जिरॅनियम, थोडी पावडरीसारखी गोडी आणि खाली लाकूड. देवघरातलं चंदन वेगळं, लंडनच्या सलूनमधलं वेगळं. दुसऱ्याला पहिल्याच्या मापाने मोजू नये. ट्रुफिट अँड हिल १८०५ पासून, टेलर ऑफ ओल्ड बॉण्ड स्ट्रीट १८५४ पासून, जिओ. एफ. ट्रम्पर १८७५ पासून लंडनमध्ये आहेत. डी. आर. हॅरिस तर १७९० चं. यांची क्रीमं एकाच जातकुळीची, फरक मुख्यतः वासात आणि घट्टपणात. लव्हेंडर, गुलाब, लिंबू, चंदन, व्हायोलेट, आणि ज्याला आपण नुसतं ‘सलूनचा वास’ म्हणतो तो. हा शेवटचा फुजेर कुळातला. १८८२ साली हुबिगाँ या फ्रेंच घराण्याने फुजेर रोयाल नावाचा परफ्युम काढला, त्यात कूमारिन वापरलं. कूमारिनचा वास वाळत घातलेल्या गवताचा, किंचित गोड. लॅव्हेंडर, कूमारिन आणि ओकमॉस, म्हणजे ओकच्या झाडावरचं दगडफूल, हे त्रिकूट तेव्हापासून पुरुषांच्या दाढीच्या सामानाला चिकटलं ते चिकटलंच.

कोलन दहा वाजता उडून जातं, ही तक्रार खरं तर कोलनच्या स्वभावाबद्दल आहे. ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेल दोन ते पाच टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. ओ द त्वालेतमध्ये पाच ते पंधरा, ओ द परफ्युममध्ये पंधरा ते वीस. त्यात कोलनचं तेल म्हणजे बर्गमॉट, लिंबू, संत्र्याची साल, नेरोली, पेटिग्रेन, रोजमेरी: सगळी हलकी, चटकन उडणारी मंडळी. जोहान मारिया फरिना या मूळच्या इटालियन माणसाचं घराणं जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ पासून आहे, आणि त्याच शहरातल्या ग्लोकनगासे रस्त्यावरच्या एका घराच्या क्रमांकावरून ४७११ हे नाव आलं. ही पाणी अंगावर शिंपडायची म्हणून बनली, टिकायची म्हणून नाही. द्राक्षाच्या मद्यार्कात ती मुरवत. नाशिककरांना हे वाचून बरं वाटेल, पण घरी प्रयोग नको, त्याला परवाना लागतो आणि साध्या स्पिरिटचा वास कशानेही झाकत नाही.

आपल्याकडे कोलन आधी दाढीच्या कपाटात नव्हे, औषधाच्या कपाटात आलं. ताप चढला की कपाळावर यूडीकोलनच्या घड्या ठेवत, ती बाटली हीच. अल्कोहोल उडताना गारवा देतं, तेवढंच तिचं काम. मे महिन्यात ही बाटली फ्रिजच्या दारात ठेवा आणि आंघोळीनंतर हातात पाच मिली घेऊन मान, खांदे, छाती, कोपराच्या आतल्या घडीवर शिंपडा. इथे कंजूसपणा केला की काहीच कळत नाही. खिशातल्या सुती रुमालावर आणखी एक शिंपडा: कापडावर तेल कातडीपेक्षा जास्त वेळ राहतं. ऑफिससाठी पाच मिलीची स्प्रे कुपी भरून न्या. कोलन पुन्हा लावणं यात कमीपणा नाही, ते तसंच वापरायचं असतं.

एक धोका मात्र लक्षात असू द्या. बर्गमॉटच्या नैसर्गिक तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं तर तिथे काळपट पट्टे उमटतात. आता नामांकित कंपन्या ते काढलेलं किंवा मर्यादेत ठेवलेलं तेल वापरतात, तरी गावठी कोलन किंवा खूप जुनी बाटली मानेवर लावून दुपारी दुचाकीवर निघू नका. शर्टाच्या आत लावा. नवीन बाटली कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहण्याची सवयही चांगली. लेबलवर लिमोनीन, लिनालूल, सिट्राल, कूमारिन, युजेनॉल अशी नावं दिसली की घाबरायचं कारण नाही, ती सुगंधाचीच अंगं आहेत. एकदा अंगावर पुरळ उठलं तर मात्र यादीतलं कोणतं नाव दोन्ही बाटल्यांत समान आहे ते शोधायला ती उपयोगी पडते.

तीन बाटल्यांचे तीन वास एकावर एक चढवू नयेत. क्रीमचा वास धुण्याबरोबर जातो, तो न्हाणीघरातल्या पंधरा मिनिटांपुरता तुमचा. आफ्टरशेव्ह अर्धा-एक तास. पुढे कोलन. म्हणजे क्रीम हवं ते वापरा, पण आफ्टरशेव्ह आणि कोलन एका कुळातलं असू द्या, नाहीतर आफ्टरशेव्ह बिनवासाचं घ्या. चंदनाच्या स्प्लॅशवर लिंबाचं कोलन जमतं, कारण लिंबू उडून गेल्यावर खाली चंदन उरतं. उलट केलं, म्हणजे लिंबाच्या स्प्लॅशवर जड गोड परफ्युम, तर दोन्ही फसतात. आणि डोक्याला वासाचं तेल चोपडलेलं असेल तर कुठलंच कोलन त्याच्यापुढे टिकणार नाही. त्या दिवशी बाटली उघडूच नका.

ऋतूचं म्हणाल तर पावसाळ्यात वाळ्याच्या कुळातले वास घ्या. कपाटातल्या कपड्यांच्या कुबट वासावर तोच उतारा आहे. विलायती बाटलीवर वेटिव्हर लिहिलेलं असतं ते आपल्या वाळ्याचंच तमिळ नाव. थंडीत चंदन, फुजेर किंवा बे रम. बे रम हे वेस्ट इंडीजमधल्या एका झाडाच्या पानांपासून बनतं, पण आपल्या नाकाला ते थेट लवंग आणि दालचिनी वाटतं. पुलाव आठवला तर हसू नका, त्यात युजेनॉल आहे, लवंगेतलंच. दिवाळीच्या अभ्यंगाच्या दिवशी पहाटे दाढी करू नका, आदल्या संध्याकाळी उरका. ताज्या दाढीवर उटणं चोळलं की त्याचा रवा ओरखड्यांत बसतो आणि फराळाला लाल तोंडाने बसावं लागतं. त्या दिवशी अत्तराचा फाया कानात असेल तर कोलनला सुट्टी.

विकत घेताना थोडी काळजी घ्या. परदेशी डब्यावर भारतात आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेला स्टिकर असायला हवा. तो नसेल आणि भाव निम्मा असेल तर हात आखडता घ्या. घटकांच्या यादीत सोडियम टॅलोएट दिसलं तर ती प्राण्यांची चरबी, बहुतेक वेळा गुरांची. ज्यांना ती चालत नाही त्यांनी वनस्पती तेलांवरचं क्रीम निवडावं, फेसात काही कमी पडत नाही. परदेशातून कुणी आणणार असेल तर पाती हातातल्या बॅगेत ठेवू देत नाहीत, शंभर मिलीपेक्षा मोठी बाटलीही अनेक विमानतळांवर नाही, दोन्ही चेक-इनच्या बॅगेत हवीत. खर्चाचा हिशेब डब्याच्या किमतीवर नव्हे, दाढीवर करा. १५० ग्रॅमचा डबा सव्वा ग्रॅमच्या मापाने १२० दाढ्या देतो. तीन हजारांचा धरला तरी दाढीला पंचवीस रुपये. एका बदामाऐवजी दोन बदामांएवढं काढलंत तर हेच पन्नासावर जातं, आणि फेस तरीही चांगला होत नाही.

राहता राहिला माल. उघडलेल्या डब्याचं क्रीम डब्यावरच्या छोट्या डबीच्या चित्रातल्या आकड्याएवढे महिने धरायचं, साधारण बारा ते चोवीस. गिझरखालच्या फळीवर, न्हाणीघराच्या खिडकीत किंवा मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर तेवढंही नाही: कडेला पिवळी रेघ धरते, वर तेलकट पाणी सुटतं, लिंबाचा वास आधी जातो आणि मागे खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा वास उरतो. ओली बोटं गेली असतील तर हिरवे-काळे ठिपकेही दिसतात. आता ती दुसरी बाटली काढा. आरओच्या पाण्यात फेस पाच मिनिटांनीही उभा असेल तर क्रीम ठीक आहे, गरम पाण्याचा कप आणि अर्धा चमचा जास्त पाणी एवढंच उद्यापासून बदला. तिथेही फेस बसला असेल आणि डब्याला खवट वास येत असेल, तर तो डबा बेसिनपाशी हात धुवायला ठेवा आणि मुलाला नवा आणायला सांगा.